सीसेट वापरून बघितलं: टूल फुकट, पण खरं बोलायची तयारी लागते

फुकट आणि सरकारी हे दोन शब्द एकत्र आले की पहिली शंका येते, मलापण आली. मी पाणी शुद्धीकरण प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, म्हणजे पीएलसी (पंप-व्हॉल्व्ह चालवणारे छोटे कंट्रोल कॉम्प्युटर), स्कॅडा (सगळा प्लांट स्क्रीनवर बघायची आणि चालवायची यंत्रणा), लेव्हल ट्रान्समीटर, क्लोरीन अ‍ॅनालायझर हे सगळं माझ्या गळ्यात. वरून एक दिवस फर्मान आलं की सायबर सिक्युरिटीचं काहीतरी करून दाखवा, बजेट मागू नका. मग शोधता शोधता सीसेट सापडलं, पूर्ण नाव सायबर सिक्युरिटी इव्हॅल्युएशन टूल. अमेरिकेच्या सिसा नावाच्या सरकारी एजन्सीचं आहे (ही एजन्सी २०१८ ची, वीज, पाणी, पाइपलाइन वगैरे यंत्रणा सांभाळायला मदत करणं हेच तिचं काम) आणि बनवते आयडाहो नॅशनल लॅबोरेटरी. गिटहबवर ओपन सोर्स पडलेलंय, कोणीही डाउनलोड करू शकतं.

आधीच सांगतो, हे अँटीव्हायरस नाही. स्कॅनरही नाही. हे टूल तुमच्या नेटवर्कला हातसुद्धा लावत नाही, फक्त प्रश्न विचारतं आणि तुम्ही दिलेल्या उत्तरांवरून रिपोर्ट काढून देतं. बऱ्याच जणांचा इथेच मूड जातो की एवढंच होय, मग एक्सेल शीट काय वाईट होती. माझाही गेला होता, पुढे बदलला, कसा ते सांगतो.

मला सगळ्यात आधी आवडलं ते म्हणजे हे आपल्याच विंडोज लॅपटॉपवर चालतं आणि उत्तरं तिथेच राहतात, बाहेर कुठे जात नाहीत. तुमच्या प्लांटचं सगळं अंडंपिल्लं तुम्ही त्यात भरणार असता, कुठला पासवर्ड बदललेला नाही, कुठे फायरवॉल नाही, बॅकअप शेवटचा कधी घेतला, हे सगळं कोणाच्या तरी क्लाउडवर टाकायला मी तरी तयार झालो नसतो. मी एक जुना लॅपटॉप घेतला, त्याचं वायफाय बंद केलं, प्लांटच्या नेटवर्कला लावलाच नाही. असंच करा.

आता पहिली चूक, जी मी केली आणि तुम्ही करू नका. सुरुवातीला टूल विचारतं की कुठल्या स्टँडर्डप्रमाणे तपासायचं आणि तुमच्या जागेला सुरक्षेची किती पातळी हवी, लो पासून व्हेरी हाय पर्यंत. मी जोशात एनआयएसटी ८००-५३ (अमेरिकेच्या मानक संस्थेची सुरक्षेची भली मोठी यादी) आणि हाय असं ठोकून दिलं, कारण पाणी म्हणजे महत्त्वाचंच ना. झालं, प्रश्नांचा असा डोंगर उभा राहिला की दोन दिवस नुसता स्क्रोल करत होतो. तुमची पहिलीच वेळ असेल तर सायबर सिक्युरिटी परफॉर्मन्स गोल्सवाला छोटा पर्याय घ्या, सिसाने ते २०२२ मध्ये काढले, अगदी पायाभूत गोष्टी आहेत. नाहीतर रॅन्समवेअर रेडिनेसवाला (फाइल्स लॉक करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्यासाठी किती तयार आहोत ते बघणारा) भाग घ्या, तो २०२१ च्या जूनमध्ये आला, त्यात बेसिक, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा पायऱ्या आहेत त्यामुळे कुठून सुरू करायचं हा प्रश्न पडत नाही. कंट्रोल सिस्टिमसाठी एनआयएसटीचंच ८००-८२ सुद्धा आहे पण ते नंतर.

दुसरी चूक याच्याहून मोठी. मी एकट्याने बसून एका संध्याकाळी सगळं भरलं. प्रत्येक प्रश्नाला हो, नाही, लागू नाही, आणि पर्यायी व्यवस्था आहे असे चार पर्याय असतात, आणि हो वर क्लिक करणं इतकं सोपंय की बोट आपोआप तिकडेच जातं. पासवर्ड धोरण आहे का, हो, कागदावर आहे. बॅकअप घेता का, हो, घेतो की. स्कोअर आला ऐंशीच्या वर. मी खूश, साहेबांना ग्राफ दाखवला, साहेबांनी विचारलं "इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारलंस का?" नव्हतं विचारलं.

मग चौघं बसलो. मी, इलेक्ट्रिकलचे साहेब, शिफ्ट इनचार्ज आणि आयटीचा पोरगा जो प्लांटमध्ये बहुतेक पहिल्यांदाच आला होता आणि ज्याला आल्या आल्या हेल्मेट द्यावं लागलं. बाहेरून रिमोट अ‍ॅक्सेसचा प्रश्न आला, मी म्हणालो आपल्याकडे नाहीये, प्लांटचं नेटवर्क वेगळंय, पुढे चला. इलेक्ट्रिकलचे साहेब म्हणाले, "अहो, मग ते पंपवाले मागच्या महिन्यात घरी बसून ड्राइव्हचे पॅरामीटर कसे बदलत होते?"

कोणी काही बोलेना. उठलो आणि पॅनेल रूममध्ये गेलो. ड्राइव्हच्या (पंपाच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलमध्ये खालच्या केबल ट्रेच्या मागे एक काळा डबा, डबल साइड टेपने चिकटवलेला, वर बोटभर धूळ आणि धुळीतून हिरवा दिवा लुकलुकतोय. सिमवाला मॉडेम. कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रं पहिल्यांदा चालू करायच्या वेळी व्हेंडरने लावला होता, काम झाल्यावर काढायचा होता, कोणी काढला नाही आणि कोणी विचारलं पण नाही. लॉगिन पासवर्ड कुठला, तर डब्याच्या बुडाला स्टिकरवर छापलेला तोच. त्याच पॅनेलसमोरून मी रोज जात होतो. मॉडेममधून एक केबल सरळ स्विचला, आणि त्या स्विचवर क्लोरीन डोसिंगचा पीएलसी. मला तिथे उभ्या उभ्या घाम फुटला, एसी चालू असताना.

आणि हे काही कल्पनेतलं भय नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलिक्विपा गावच्या पाणीपुरवठ्याच्या बूस्टर स्टेशनवर हेच घडलं, प्रेशर सांभाळणारा पीएलसी इंटरनेटवर उघडा होता, आणि सिसाने नंतर सगळ्यांना इशारा दिला त्यात त्या मॉडेलचा कंपनीने दिलेला डिफॉल्ट पासवर्ड बदला असं सांगितलं, तो होता ११११. चार एकके. हल्लेखोरांनी स्क्रीनवर आपला संदेश झळकवला, ऑपरेटरनी मॅन्युअलवर घेऊन काम चालू ठेवलं, पाणी खराब झालं नाही. २०२१ ची कलोनियल पाइपलाइन तर याहून साधी गोष्ट, वापरात नसलेलं एक जुनं व्हीपीएन अकाउंट, त्याला दुसरी ओटीपीसारखी पायरी नव्हती, आणि तेवढ्यावर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची इंधनाची मुख्य पाइपलाइन काही दिवस बंद. दोन्हीकडे कोणी फार मोठी जादू केली नव्हती, दार उघडं राहिलं होतं एवढंच.

तर या टूलचं खरं काम हे आहे असं माझं मत झालंय. प्रश्न तसे बाळबोधच आहेत, पण ते चार खात्यांची माणसं एका टेबलावर बसवतात, आणि प्लांटमध्ये कोणाला काय माहितीय आणि कोणाला काय माहिती नाही ते बाहेर पडतं. ज्याला एकट्याने भरून स्कोअर लावायचाय त्याच्यासाठी हे टूल अगदी निरुपयोगी आहे, उलट घातक, कारण खोटा आत्मविश्वास येतो.

डायग्रामचा भाग वेगळा सांगायलाच हवा. त्यात तुम्ही तुमचं नेटवर्क काढता, पीएलसी, एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), स्विच, फायरवॉल, सगळं ओढून ठेवायचं आणि रेषा जोडायच्या, मग जिथे गडबड आहे तिथे लाल ठिपका येऊन खाली लिहून येतं की बाबा रे इथे मध्ये फायरवॉल नाही. आम्ही आधी ड्रॉइंग ऑफिसमधलं अ‍ॅज-बिल्ट, म्हणजे बांधून झाल्यावरचं ड्रॉइंग, घेऊन काढलं, छान दिसत होतं. मग मॉडेम सापडल्यावर शहाणे झालो आणि टॉर्च घेऊन प्रत्येक पॅनेल उघडून केबल हाताने पकडून कुठे जाते बघत काढलं, त्याला पूर्ण आठवडा गेला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर एकाच प्लांटची वाटत नव्हती. दोन स्विच कागदावर नव्हतेच, एक एचएमआय कागदावर होता पण तो काढून टाकून जमाना झाला. हे चित्र एकदा तयार झालं ना की पुढचे निम्मे प्रश्न पटापट सुटतात. मी म्हणेन बाकी काही केलं नाहीत तरी एवढं करा.

इन्सिडेंट रिस्पॉन्सच्या, म्हणजे हल्ला झालाच तर काय करायचं या भागात आणखी एक गंमत झाली, गंमत म्हणजे झोप उडवणारी. प्रश्नांवरून विषय निघाला की स्कॅडा पूर्ण गेलं तर प्लांट हाताने चालवता येईल का. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ ला वीज कंपन्यांवर हल्ला झाला तेव्हा ऑपरेटरच्या डोळ्यासमोर माउसचा बाण आपोआप फिरून ब्रेकर उघडत होता, साधारण सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, पण काही तासांत परत आली कारण माणसं सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर टाकू शकली. शिफ्ट इनचार्ज छातीठोकपणे म्हणाले आपलं पण होईल. म्हटलं चला बघू. पहिल्याच मोटराइज्ड व्हॉल्व्हपाशी गेलो तर हँडव्हीलच, म्हणजे हाताने फिरवायचं चाकच, जागेवर नाही. दुसऱ्याचं होतं, पण दोघं लटकलो तरी हलेना. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने सांगितलं नसतं, पण सॉफ्टवेअरच्या प्रश्नामुळे आम्ही तिथे गेलो हेही खरं.

आता उणं काय ते. प्रश्नांची भाषा अस्सल सरकारी, एक प्रश्न तीनदा वाचावा लागतो. खाली मदतीचा मजकूर असतो, पण तो वाचून कधीकधी आणखी गोंधळ होतो. तुम्ही हो म्हणालात की हो, टूल काही येऊन बघत नाही. कागदपत्र जोडायची आणि शेरा लिहायची सोय आहे, आम्ही नियमच केला की प्रत्येक हो च्या शेजारी पुरावा काय ते लिहायचं, नाहीतर नाही धरायचं. शिवाय स्टँडर्ड बहुतेक अमेरिकन, त्यामुळे काही प्रश्न तुमच्या कायद्याला लागू नसतात, तिथे लागू नाही वर टिक करून पुढे जायचं, पण हात सैल सोडला तर अवघड प्रश्नसुद्धा लागू नाही मध्ये जायला लागतात, हा मोह आम्हालाही झाला. आणि बंदुकीच्या गोळीपुढे हे टूल काय करणार, २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात मेटकाफ सबस्टेशनवर कोणीतरी आधी फायबर केबल कापल्या आणि मग १७ ट्रान्सफॉर्मरवर गोळ्या झाडल्या. कुंपण, दिवे, गार्ड याला पर्याय नाही.

एक प्रश्न मला राहून राहून पडत होता की सरकार हे फुकट का देतं. माझा अंदाज सरळ आहे, प्रत्येक पंपहाउसपाशी सरकार माणूस उभा करू शकत नाही. अमेरिकेने २०१३ मध्ये अशी १६ महत्त्वाची क्षेत्रं ठरवली, वीज, पाणी, दळणवळण, आरोग्य, धरणं, यातलं कितीतरी खाजगी हातात किंवा छोट्या स्थानिक संस्थांच्या हातात. मग कोणी दंडाची भीती घालतं, जसं युरोपच्या एनआयएस-२ या सायबर कायद्यामध्ये मोठी घटना कळल्यापासून २४ तासांत पहिली सूचना द्यायची, आणि कोणी हातात टूल ठेवतं. ब्रिटनच्या एनसीएससी या सरकारी सायबर संस्थेचं एक्सरसाइज इन अ बॉक्स हे २०१९ चं फुकट टूल त्याच जातीचं, त्यात हल्ला झाल्याची लुटूपुटूची तालीम करता येते, आम्ही तिकडे अजून गेलो नाही.

सक्ती करणं मात्र म्हणतो तेवढं सोपं नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, मार्च २०२३ मध्ये पाणीपुरवठ्याच्या नेहमीच्या तपासणीतच सायबरची तपासणी धरा असं राज्यांना सांगितलं. काही राज्यं आणि पाणीपुरवठा संघटना कोर्टात गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये ते मागे घ्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात अ‍ॅलिक्विपा. छोट्या संस्थांचं रडगाणं मी समजू शकतो, माणसं नाहीत, पैसा नाही, आमच्याकडेही नाही, पण चार एककांचा पासवर्ड बदलायला किती माणसं लागतात?

आमचा दुसऱ्या फेरीचा स्कोअर निम्म्याच्या खाली आला. साहेबांचा चेहरा पडला, म्हणाले तीन महिने काम करून आकडा खाली कसा आला. त्यांना समजवायला मला चित्रं, मॉडेमचा फोटो आणि व्हॉल्व्ह असं सगळं घेऊन बसावं लागलं. व्हेंडरला फोन केला की मॉडेम काढलाय, इथून पुढे यायचं तर गेटवर सही करून या. ते म्हणाले मग सपोर्टला वेळ लागेल. लागू दे म्हटलं. हँडव्हील ऑर्डर केलंय, अजून आलेलं नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो भाषेसाठी आणि त्या टक्केवारीसाठी, तो ग्राफ रिपोर्टच्या पहिल्या पानावर नसता तर बरं झालं असतं, साहेब लोक तेवढंच बघतात.

आणि हो, शेवटी जो रिपोर्ट निघतो त्यात तुमच्या सगळ्या कच्च्या जागा क्रमवारीने लिहिलेल्या असतात, सगळ्यात घातक सगळ्यात वर. तो मेलवर फिरवू नका, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. आमच्या आयटीच्या पोराने पहिला रिपोर्ट उत्साहात सगळ्यांना फॉरवर्ड केला होता, व्हेंडर सुद्धा सीसी मध्ये. आता एकच प्रिंट आहे, लॉगबुकच्या कपाटात, आणि किल्ली शिफ्ट इनचार्जकडे असते, म्हणजे कपाटाच्याच वर.