राज्याच्या कर्जाचा वाद: कुणाचं म्हणणं धरायचं?

नागपुरात हिवाळी अधिवेशन आलं की मोर्चे टेकडी रोडवर अडतात, विधानभवनात कर्जावरून जुंपते आणि बर्डीच्या चहाटपरीवर तोच वाद पुढे चालतो. मत देताना हा मुद्दा ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांनी दोन्ही बाजू २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातल्या आकड्यांवर घासून पाहाव्यात.

सत्ताधारी म्हणतात, कर्ज झेपणारं आहे. मर्यादा राज्याच्या सकल उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या, २५ टक्के, आपलं ९.३२ लाख कोटींचं कर्ज १९ टक्क्यांच्या आत बसतं. हे खरं आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग कर्जाशिवाय झाला नसता, हेही खरं.

विरोधक बोट ठेवतात महसुली तुटीवर: ४५,८९१ कोटी. मला हा मुद्दा जास्त वजनदार वाटतो. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा चालू खर्चसुद्धा जमेतून भागत नाही, असा त्याचा अर्थ. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची एकूण तूट, १,३६,२३५ कोटींची. म्हणजे नव्याने उचललेल्या पैशातला जवळपास दर तिसरा रुपया चालू खर्चातच जिरतो. त्यात मार्चमध्ये मांडलेला आकडा शेवटचा नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये इथेच हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या होत्या.

उपाय विचारला की मात्र विरोधकही अडखळतात. 'लाडकी बहीण'साठी २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटींची तरतूद होती, महिना १,५०० रुपयांच्या हिशेबाने. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने २,१०० कबूल केले, महाविकास आघाडीने ३,०००. कोणता कर वाढवून, ते एकाही सभेत माझ्या कानावर आलं नाही.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा मोबाइल 'लाडकी बहीण'चा हप्ता जमा झाला की वाजतो. पदराला हात पुसून त्या मेसेज मला वाचायला देतात. मुलीच्या ट्यूशनची फी त्यातून जाते. तेलाच्या पिशवीवर, साबणाच्या वडीवर त्याही जीएसटी भरतात, म्हणून त्या पैशांना कुणी खैरात म्हटलं की मला राग येतो.

तेव्हा दुखणं ओळखण्यात विरोधक बरोबर, कर्जाच्या मर्यादेबाबत सत्ताधारी बरोबर, आणि औषध दोघांकडेही दिसत नाही. उमेदवार दारात आला की एवढंच विचारा: महसुली तूट किती वर्षांत शून्यावर आणाल, आणि मावशींचा हप्ता न तोडता कोणता खर्च कापाल?