माइक नेसचे दोन अल्बम: आधी कुठला ऐकायचा?

माइक नेस गातो त्या सोशल डिस्टॉर्शन या अमेरिकन बँडचा पंक, म्हणजे वेगवान, गोंगाटी रॉक, ऐकत मोठा झालेला माणूस कधी ना कधी विचारतोच, "नेस कंट्रीकडे, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या संगीताकडे, वळला म्हणतात, ते ऐकायचं कुठून?" या कॅलिफोर्नियाच्या गड्याने 1999 या एकाच वर्षात दोन एकल अल्बम काढले. एप्रिलमध्ये 'चीटिंग ॲट सॉलिटेअर', नोव्हेंबरमध्ये 'अंडर द इन्फ्लुएन्सेस'. गळा एकच, पण चुकीचा आधी उचललात तर दुसऱ्यापर्यंत पोचणं कठीण.

'चीटिंग'मधली बहुतेक गाणी नेसची स्वतःची. एका गाण्यात ब्रूस स्प्रिंगस्टीन साथीला आहे, शिवाय ब्रायन सेट्झरही. मधे हँक विल्यम्सचं 'यू विन अगेन' येतं, बॉब डिलनचंही एक. पंकला सरावलेल्या कानाला हे घर ओळखीचं वाटतं, फक्त फर्निचर बदललंय. पण अल्बम लांबलाय. तीन-चार गाणी गाळली असती तर बरं झालं असतं.

'अंडर द इन्फ्लुएन्सेस' म्हणजे शागिर्दाने उस्तादांच्या चिजा गायला बसणं. कार्टर फॅमिली, कार्ल पर्किन्स, वांडा जॅक्सन, पुन्हा हँक. ('अंडर द इन्फ्लुएन्स' म्हणजे नशेत असणंही; हेरॉइनमधून बाहेर आलेल्या माणसाने अल्बमला हे नाव द्यावं, हा खट्याळपणा मला आवडतो.) सगळं जमलंय असं नाही. मार्टी रॉबिन्सचं 'बिग आयर्न' मुळात निवांतपणे सांगितलेली गोष्ट आहे. नेसचा घोगरा गळा तिथे उगाच घाई करतो.

पण याच अल्बममध्ये 'बॉल अँड चेन' आहे, त्याच्याच बँडचं 1990 चं गाणं, इथे हॉन्की-टोंक, म्हणजे दारूच्या अड्ड्यांवरच्या कंट्रीच्या, ठेक्यात. भरदुपारपासून पीत बसलेला, खिसा रिकामा, सकाळी जाग हॉटेलच्या कळकट खोलीत येईल की तुरुंगात याचाही भरवसा नसलेला माणूस. शब्द तेच, चाल तीच. गिटारचा गोंगाट उतरल्यावर लक्षात येतं की हे पहिल्यापासून कंट्रीचंच गाणं होतं. नेस वळला वगैरे काही नाही, त्याने फक्त आवाज कमी केला.

कंट्रीकडे गेलेले पंकवाले आणखीही आहेत. एक्स या पंक बँडच्या मंडळींच्या 'द निटर्स'चा 1985 चा अल्बम जास्त मिस्किल आहे, आणि लीड्सच्या मेकॉन्सचा त्याच वर्षीचा 'फिअर अँड व्हिस्की' जास्त विस्कटलेला. ते नंतर.

निवड करायची तर सोशल डिस्टॉर्शनच्या 1990 च्याच अल्बममधलं 'रिंग ऑफ फायर' आठवा, जॉनी कॅशने गाजवलेलं. त्यात वेग आवडला होता? मग 'चीटिंग' घ्या. चाल आवडली होती? मग 'इन्फ्लुएन्सेस'. काहीच ठरत नसेल तर 'बॉल अँड चेन'ची दोन्ही रूपं लागोपाठ लावा, जुनं आधी.