ड्रॅगनफ्रेम : बोटांचे काम बोटांकडेच ठेवणारे सॉफ्टवेअर

एका स्वतंत्र लघुपटासाठी आम्हाला नऊ सेकंदांचे एक दृश्य हवे होते : भिंतीवरून एक किडा उतरतो आणि झोपलेल्या माणसाच्या हातावर चढतो. संगणकावर घडवलेला किडा अधिक सफाईने चालला असता. पण तारेच्या सांगाड्यावर माती लिंपून केलेला किडा खऱ्या दिव्याखाली ठेवला की त्याला वजन येते, आणि आम्हाला ते वजन हवे होते. किडा किंचित हलवायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायचा, अशा स्टॉप-मोशन पद्धतीचे हे काम आम्ही ड्रॅगनफ्रेमवर केले. जेमी आणि डायामी कॅलिरी या भावांनी तयार केलेले हे सॉफ्टवेअर मोठ्या स्टुडिओंत रुळलेले आहे; येथे त्याचा विचार दोन-तीन माणसांच्या चमूच्या सोयीने केला आहे.

सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे चित्रे, आणि किड्याची प्रत्येक ठेवण दोन फ्रेम धरली, तर नऊ सेकंदांसाठी किडा 108 वेळा हलवावा लागतो. पूर्वी ॲनिमेटर बाहुलीच्या कोपराशी किंवा नाकाशी सुई टेकवून ठेवत, बाहुली तेवढी हलवत आणि सुई बाजूला घेऊन मगच फ्रेम टिपत. ड्रॅगनफ्रेममध्ये कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला असतो, आधी टिपलेली फ्रेम समोरच्या जिवंत चित्रावर पारदर्शक थरासारखी दिसते आणि एका कळीने दोन्ही चित्रे आलटून पालटून पाहता येतात. पाय किती सरकला हे डोळ्याला लगेच कळते. लक्षात ठेवण्याचे ओझे उतरते. पाय कसा सरकवायचा, कुठे थबकवायचा, हा निर्णय मात्र बोटांकडेच राहतो, आणि मला या सॉफ्टवेअरचा हाच सर्वांत मोठा गुण वाटतो.

विशेष दृश्यांसाठी त्याचा खरा उपयोग पुढे कळतो. नटाच्या हाताचे आधी केलेले चित्रीकरण त्यात आणून प्रत्येक फ्रेमशी जुळवता येते, त्यामुळे श्वासाबरोबर हात किंचित वर आला की किडाही त्याच क्षणी वर घेता येतो. त्याहून मोलाची सोय म्हणजे एकाच ठेवणीचे एकाहून अधिक एक्सपोजर, म्हणजे किडा न हलवता वेगवेगळ्या प्रकाशात टिपलेली चित्रे. पहिल्यात किड्यावर दिवा आणि मागे काळोख. दुसऱ्यात किड्यावरचा दिवा बंद आणि फक्त मागचा पडदा उजळलेला. दुसऱ्या चित्रातून किडा कापून नटाच्या चित्रावर बसवायला लागणारी नेमकी कडा मिळते आणि एरवी त्यासाठी मागे लावतात त्या हिरव्या पडद्याची झाक अंगावर येण्याचा प्रश्नच उरत नाही. दिवे डीएमएक्सने, म्हणजे दिव्यांना दुरून आज्ञा देणाऱ्या जोडणीने, जोडलेले असतील, तर ही उघडझापही सॉफ्टवेअरच करते.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. मागची फ्रेम इतकी स्पष्ट दिसत असल्यामुळे प्रत्येक थरथर पुसून काढण्याचा मोह होतो. 1933 च्या ‘किंग काँग’मध्ये त्या वानराची लव सतत हलताना दिसते, कारण प्रत्येक फ्रेमला ॲनिमेटरची बोटे तिच्यावरून फिरत होती, ती हालचाल पुसली गेली असती, तर मला ते जनावर आज इतके जिवंत वाटले नसते. आमच्या किड्याच्या पाठीवरही अंगठ्याचे ठसे फ्रेमगणिक बदलतात. सुरुवातीच्या तीस-एक ठेवणींत मी ते ओल्या कुंचल्याने गुळगुळीत करत राहिलो, आणि पडद्यावर नेमका तेवढाच भाग निर्जीव दिसला. तो आम्ही पुन्हा चित्रित केला.

सुरुवातीच्या चाचण्यांत प्रकाश फ्रेमगणिक लुकलुकत होता; तो दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. विद्युत-नियंत्रित लेन्सचे प्रकाश आत सोडणारे छिद्र प्रत्येक वेळी अगदी तेवढेच मिटत नाही, म्हणून छिद्र हाताने फिरवायची जुनी लेन्स लावली आणि लुकलुक थांबली.

मोबाइलवरच्या ॲपच्या तुलनेत ड्रॅगनफ्रेम बरेच महाग आहे आणि त्याचे विभाग अंगवळणी पडायला दिवस लागतात. साध्या वस्तू टेबलावर हलवून पाहायच्या असतील, तर मोबाइल पुरेसा आहे. नटाबरोबर बाहुली दाखवायची असेल, तर मी निःशंकपणे याचीच शिफारस करेन. फक्त परवाना घेण्याआधी आपला कॅमेरा त्यांच्या यादीत आहे का आणि त्याच्या कोणत्या सोयी चालतात, हे तपासावे, आणि हाताने छिद्र बदलता येणारी एक लेन्स मिळवून ठेवावी.