संक्रांत ते गणपती, कच्च्या आहारावर: भुकेचं जमलं, फोडणीचं नाही

कच्चा आहार म्हणजे काय, पंचेचाळीस अंशांच्या आसपासची मर्यादा (त्यापुढे तापवलेलं खायचं नाही), काय चालतं, काय नाही, हे सगळं आता सगळ्यांना पाठ आहे. ते इथे उगाळत नाही. मला जे शोधूनही कुठे मिळालं नाही ते लिहिते: वखवख सुटते तेव्हा ती नेमकी कशाची असते आणि तिच्यावर काय चालतं.

मी वाचलेले बहुतेक अनुभव अशा लोकांचे असावेत, ज्यांना घरात दुसऱ्या कुणासाठी रांधावं लागत नाही. आमच्याकडे नवरा, मुलगा आणि सासूबाई शिजवलेलं खातात, आणि ते शिजवते मी. म्हणजे सकाळी साडेसहाला डब्याच्या भाजीला फोडणी मीच घालायची आणि मग स्वतः गाजर घेऊन बसायचं. गॅसचं बिल वाचेल म्हणणाऱ्यांनी कृपया हे लक्षात घ्यावं. सिलिंडर पूर्वीइतकाच लागतो, भाजीचा खर्च मात्र दीडपट झालाय.

तीन महिन्यांची साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी चालायला आणि भात कमी करायला सांगितलं होतं. कच्चं खायचं डोकं माझं.

सुरुवातीच्या आठवड्यांत मी ज्याला वखवख समजत होते ती निव्वळ भूक होती. शंभर ग्रॅम काकडीत पंधराएक कॅलरी असतात. एका पोळीची जागा भरायची तर सात-आठशे ग्रॅम काकडी खावी लागेल, आणि दुपारी ऑफिसात बसून कोण खाणार ती? चार वाजता हात थरथरायचे आणि कँटीनमधला समोसा दिसायचा. इथेच बहुतेक जण सोडतात आणि दोष जिभेला देतात. उपाय साधा आहे: ओलं खोबरं आणि रात्री भिजवलेले शेंगदाणे. शंभर ग्रॅम खोबऱ्यात साडेतीनशेच्या घरात कॅलरी असतात, कोरड्या शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर. सकाळच्या वाटीत मूठभर खोबरं आणि मूठभर दाणे घालायला लागल्यापासून समोसा दिसेनासा झाला. नारळ स्वस्त नाही, पण बाजारातल्या त्या ‘रॉ’ म्हणून विकायच्या वड्या-लाडवांपेक्षा कितीतरी परवडतो. आणि एक सांगून ठेवते, ‘कच्चे काजू’ म्हणून मिळतात ते कच्चे नसतात. सालीत चीक असतो, त्यामुळे बी भाजल्या-वाफवल्याशिवाय सहसा फोडत नाहीत. खरे कच्चे म्हणजे कोकणातले ओले काजूगर. पोहे, चुरमुरे, डाळं, गूळ, यांतलंही काही कच्चं नाही. गोडाला खजूर आहे, तो पुरतो. गोडाची ओढ मला वाटलं होतं त्याच्या पावपटही आली नाही.

चहा मी सोडलेला नाही. दोनदा, बिनदुधाचा. ज्यांना यावर आक्षेप आहे त्यांनी दुसरं परीक्षण वाचावं.

मग आली मीठ आणि कुरकुरीतपणाची पाळी. संध्याकाळी घरी आल्यावर चिवड्याच्या डब्याकडे हात आपोआप जायचा. म्हणून एक डिहायड्रेटर, म्हणजे पदार्थ वाळवायचं विजेचं यंत्र, घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सर्व्हिसवाल्यांशी अजून बोलणी चालू आहेत. कांदा-जवसाचे पापड, गाजराचे काप, टोमॅटोच्या चकत्या, सगळं त्यात छान व्हायचं. पण जवसाचा पापड वाळायला दहा-बारा तास लागतात. चारशे वॉटचं यंत्र दहा तास चाललं की चार युनिटं. त्या बिलाचा हिशेब नवऱ्याने फ्रिजवर चिकटवला होता. पुढे पंखाच बंद पडला, वॉरंटीत. तंत्रज्ञ आला, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही हे रोज वापरता का?” मी म्हटलं, “दादा, मग कशासाठी घेतलं?” तर म्हणे हे घरगुती वापरासाठी आहे, सलग एवढे तास चालवायचं नसतं. माहितीपत्रकात जवसाच्या पापडाला बारा तास लिहिलंय ते त्याला दाखवलं. त्याने त्याचा फोटो काढला, वरिष्ठांना पाठवतो म्हणाला आणि गेला. वरिष्ठ अजून बघताहेत. मधल्या काळात एप्रिल-मे आले आणि डोंबिवलीच्या गच्चीवर तेच पापड उन्हात फुकट वाळले. वर सुती फडकं टाकायचं, कावळ्यांसाठी. आमच्या सगळ्या आज्या हेच करत होत्या, फक्त नंतर तळत होत्या. यंत्र घेऊ नका. उन्हाळ्यात डबे भरून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. भूक, गोड, खारं, कुरकुरीत, या सगळ्यांवर तोडगा निघाला. फोडणीवर निघाला नाही.

पोट तुडुंब भरलेलं असताना आणि काहीही नको असताना खालच्या मजल्यावरून लसणाची फोडणी वर येते, आणि आपण हातातला मुळा खाली ठेवतो. अशा वेळी भात आठवत नाही की आमटीही आठवत नाही. हवा असतो तो वासच. मसाल्यांचे सुगंधी घटक तेलात विरघळतात, गरम तेल ते ओढून घेतं आणि घरभर उडवतं. त्यात कांदा-लसूण लालसर होतात तेव्हा साखर आणि प्रथिनांचे घटक मिळून जो खमंगपणा येतो तो वेगळाच. मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं आणि ती नावाने त्याचीच झाली. ती जोरात चालते एकशे चाळीस अंशांच्या पुढे. आपली मर्यादा पंचेचाळीस. भिजवा, आंबवा, वाळवा, काहीही करा, हा वास त्या मर्यादेत बसत नाही. हे एकाही कच्चाहार-प्रचारकाने मला आधी सांगितलं नाही. ते सगळे साखर आणि मैद्याच्या व्यसनाबद्दल बोलत बसतात. आमचं व्यसन मोहरी-हिंगाचं आहे हो.

आपल्या ताटात कच्चं नव्हतंच असं नाही. डाव्या बाजूला बरंचसं कच्चंच असतं: कोशिंबीर, पचडी, लिंबू, ओल्या खोबऱ्याची चटणी. चैत्रातली वाटली डाळ तर भिजवलेली कच्ची हरभऱ्याची डाळ आणि कैरी. पण लिंबू सोडलं तर यांतल्या बहुतेकांवर शेवटी काय घालतात? चमचाभर फोडणी. खमंग काकडीतला ‘खमंग’ तिथूनच येतो. म्हणजे आपण कच्चं खात आलो ते फोडणीच्या भरवशावर.

त्यात रोज ती घालायची मीच. झाकण ठेवून, एक्झॉस्ट लावून, तोंडात लवंग धरून, सगळं करून पाहिलं. वरून आमटीची चव घ्यायची नाही, त्यामुळे मीठ अंदाजाने. नवरा दोन आठवडे गप्प जेवला. मग मुलानेच सांगितलं, “आई, आमटी रोज वेगळी लागते.” तेव्हापासून चव तो घेतो. सासूबाईंचं म्हणणं सुरुवातीपासून एकच: “अगं, दिवसाकाठी एक तरी शिजलेलं पोटात जाऊ दे. अग्नीला काम नको का?” शेवटी संध्याकाळची फोडणी त्यांनीच घ्यायला सुरुवात केली आणि मला म्हणाल्या, “तू तेवढा वेळ खाली फिरून ये.” हा एकच उपाय शंभर टक्के चालला. साखर उतरली त्यात त्या फिरण्याचा वाटा किती आणि गाजराचा किती, हे मी सांगू शकणार नाही.

पर्याय म्हणून लाकडी घाण्याच्या तिळतेलात कुटलेलं जिरं, हिंग आणि कडक वाळलेला कढीपत्ता घालून बरणी उन्हात ठेवून पाहिली. वास येतो, पण शेजारच्या घरातला वाटतो. आणि कुणी त्यात ओला लसूण घालायला सांगेल तर ऐकू नका. तेलात बुडलेल्या लसणाला हवा लागत नाही, आणि अशा ठिकाणी बाहेरच्या तापमानाला बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

जे खरंच चाललं ते म्हणजे फेसलेली मोहरी. माहेरी कैरीच्या लोणच्याला आणि केळ्याच्या कोशिंबिरीला आई मोहरी फेसून घालायची, ते आठवलं. मोहरी कुटून ओली केली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि नाकात चढणारा झणका तयार होतो. गरम तेलात ते विकर मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी तिखट लागत नाही. म्हणजे ही गोष्ट फक्त कच्च्यातच मिळते! मी तर खूश झाले. दोन चमचे मोहरी बारीक करायची, थोड्या गार पाण्यात चांगली फेसायची, दहा मिनिटं तशीच ठेवायची, लिंबू आणि मीठ नंतर. लिंबू आधी पिळलंत तर आंबटपणाने विकर मंदावतं आणि झणका चढत नाही. ही मोहरी, ओलं खोबरं, मिरची आणि चोचवलेली काकडी. वाटल्या डाळीतही हीच. खालच्या मजल्यावर फोडणी पडत असताना मी हे खाऊ शकते, कारण तेव्हा नाकाला दुसरा उद्योग असतो. यासाठी आहाराला मी पाचापैकी चार तारे देणार होते.

इथपर्यंतचं मी आषाढात लिहून ठेवलं होतं. नंतर मत बदललं.

एक तर पावसाळा. पालेभाजी चिखलाची, किडीची, महाग. मोड आलेली मेथी-मटकी हा तोवर माझा मोठा आधार होता, पण दमट हवेत मोड बुळबुळीत व्हायला लागले. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूंची मोठी साथ आली होती, पन्नासच्या आसपास माणसं गेली, आणि संशय मोड आलेल्या मेथीवरच स्थिरावला. बी इजिप्तहून आलेलं होतं. हे वाचल्यावर मी पावसाळ्यापुरते मोड वाफवायला लागले. राजम्याचे मोड तर कुठल्याच ऋतूत कच्चे खाऊ नयेत, त्यात विषारी घटक असतो. दुसरं, बाहेर धो धो पाऊस आणि पुढ्यात गार काकडी. सोलकढी कोमट केली, चाललं काही दिवस. मग नाही चाललं.

बी-बारा तपासलं तर खाली. वनस्पतीजन्य खाण्यात ते भरवशाने मिळतच नाही, आणि दूध-दही मी बंद केलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. माझी भाची, पंचविशीतली, माझं उतरलेलं वजन बघून म्हणाली, “मावशी, मी पण करते.” तिला मी सरळ नाही म्हटलं. जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये पाचशेहून जास्त कच्चाहारी माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या पंचेचाळिशीच्या आतल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. वजन उतरण्याचे व्हिडिओ बनवणारे हे का सांगत नाहीत? गांधीजींनीसुद्धा हा प्रयोग १८९३ मध्ये प्रिटोरियात केला, पुन्हा १९२९ मध्ये केला, आणि दोन्ही वेळा सोडला. ज्या माणसाला मीठ सोडणं जमलं, त्याला हे जमलं नाही. मग मी कोण?

गणपतीत उकडीचे मोदक खाल्ले. तूप घालून. गरम.

आता असं चाललंय: सकाळ आणि दुपार कच्चं, रात्री सासूबाईंच्या हातची वाटीभर आमटी किंवा मुगाचं कढण, वरून फोडणी घातलेलं, ताटात उजवीकडे. ती वाटी ठरलेली असल्यामुळे दिवसा खालच्या मजल्यावरच्या लसणाचं काही वाटत नाही. साखर अजून काठाच्या आत आहे. शुद्ध कच्चाहारी मला यातून बाद करतील, करू द्या. पूर्ण कच्च्याला दोन तारे, दोन-तृतीयांश कच्च्याला साडेचार. अर्धा तारा नारळाच्या भावाचा कापला.

थंडी येतेय. गाजर, मुळा, मटार, सोलाणे, सगळं स्वस्त होईल, तेव्हा सुरुवात करायची असेल तर डिसेंबरात करा, माझ्यासारखी सगळी भाजी पावसात शोधत बसू नका. आणि पौषात आम्ही नणंदेच्या शेतावर हुरड्याला जाणार आहोत. मी तो आगटीत भाजलेलाच खाणार, लसणाच्या चटणीबरोबर. आधीच सांगून ठेवते.