हँडलवरचा नंबर पाहून मी ४२,००० रुपये मोजले

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचा पीडीपी-११/२३ हा मिनीकम्प्युटर १९७९ साली आला. माझी नोकरीची पहिली पाच वर्षं त्याच यंत्रासमोर गेली. निवृत्तीनंतर एक तरी चालू स्थितीत घरी असावा, एवढी एकच इच्छा होती. म्हणून नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने "भाऊ, पूर्ण मशीन आहे, कार्डांसकट" असा फोन केला, तेव्हा मी त्याच दुपारी उन्हात निघालो.

माल गोदामात होता. त्याने पुढचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. आत कार्डांच्या (सर्किट बोर्डांच्या) कडेला लावलेली गडद गुलाबी हँडलं एकाखाली एक दिसली. मी त्यांच्यावरचे नंबर वाचले. एम८१८६ म्हणजे सीपीयू, एम८०४४ म्हणजे मेमरी, एम८०४३ म्हणजे चार सिरियल पोर्टांचं कार्ड, एम८०२९ म्हणजे फ्लॉपीचा कंट्रोलर. अगदी हवा तो संच! सीपीयूचं कार्ड बाहेर काढायला हात घातला, तर त्याने मनगट धरलं. "काढू नका नं भाऊ. हाताच्या स्टॅटिक विजेनं चिप जाते, सोन्याचे काँटॅक्ट घासतात. घरी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून आरामात पाहा." आयुष्यभर मी हेच ज्युनिअर मुलांना सांगत आलो होतो. मला वाटलं, माणूस जाणकार आहे. पैसे दिले. पावती घडी करून खिशात टाकली, वाचली नाही.

घरी आधी पॉवर सप्लाय तपासला. पाच आणि बारा व्होल्ट, दोन्ही नीट. एम८०४३ चा तीन नंबरचा पोर्ट कन्सोलचा, म्हणजे यंत्राला हुकूम द्यायचा असतो, तिथे टर्मिनल (पडदा आणि कीबोर्ड) जोडलं आणि हॉल्टचा, म्हणजे प्रोग्राम थांबवायचा स्विच दाबून मशीन सुरू केलं. सीपीयू जिवंत असेल तर अशा वेळी मेमरीत एकही प्रोग्राम नसला तरी पडद्यावर '@' उमटतं, कारण ती सोय सीपीयूच्या मायक्रोकोडमध्येच, म्हणजे त्याच्या चिपेत कायम भरलेल्या सूचनांमध्येच असते. काही उमटलं नाही. तासभर केबल आणि बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) तपासत बसलो. शेवटी मशीन बंद करून कार्ड बाहेर ओढलं.

एम८१८६ चं हँडल असलेल्या कार्डावर सोळा-सोळा पायांच्या चिपांच्या रांगा होत्या. ते मेमरीचं कार्ड होतं. सीपीयू कार्डावर चाळीस पायांची सॉकेटं असतात आणि मुख्य जागी सिरॅमिकची एक पट्टी, जिच्यावर डेटा आणि कंट्रोल अशा दोन चिपा शेजारी-शेजारी बसवलेल्या असतात. ती ज्याने एकदा पाहिली, तो विसरत नाही. इथे हँडलाचे रिव्हेट नवे, चकचकीत होते. बाकी सगळ्या कार्डांचे काळवंडलेले.

एम८०४४ चं कार्ड खरं होतं, पण त्यातही गोम होती. या एकाच नंबराखाली ४ के, ८ के, १६ के आणि ३२ के शब्दांची कार्डं येतात (के म्हणजे १०२४, शब्द म्हणजे १६ बिट). मला ३२ के सांगितलं होतं. ३२ के म्हणजे १६ के बिटांच्या बत्तीस चिपा. मी मोजल्या, सोळाच भरल्या, म्हणजे मेमरी निम्मीच. हँडल हे सांगत नाही.

रात्रभर एकच प्रश्न डोक्यात होता: मग उरलेली दोन कार्डं अस्सल कशी? उत्तर सापडलं तेव्हा त्याची हुशारी कळली. सिरियल आणि फ्लॉपीच्या कार्डांना हँडलाच्या बाजूलाच केबलचे कनेक्टर असतात. खोक्यात बसवलेली असतानाही ते दिसतात, त्यामुळे तिथे खोटं चाललं नसतं. सीपीयू आणि मेमरीला त्या कडेला काहीच नसतं. नेमकी तीच दोन कार्डं त्याने निवडली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाला, "मी नंबर सांगितला होता, नंबर तर तोच आहे." पावतीवर लिहिलं होतं, "जुना कम्प्युटर, भंगार, एक नग." ओळखीच्या वकिलांनी ती पाहून मान हलवली.

जो कोणी असं यंत्र घ्यायला जाईल, त्याने मनगटपट्टा सोबत न्यावा, म्हणजे स्टॅटिकची सबब उरत नाही. प्रत्येक कार्ड बाहेर काढून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि खात्रीच्या कार्डाच्या फोटोशी चिपांची मांडणी ताडून पाहावी. तांब्यात कोरलेला ५० ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो चिपा न बसवलेल्या कोऱ्या बोर्डाचा असतो. त्याला कार्डाचा नंबर समजू नये, पण ताडून पाहायला तो उपयोगी पडतो. पावतीवर प्रत्येक कार्डाचं नाव आणि मेमरीचा आकडा लिहून घ्यावा. दुकानदार "काढू नका" म्हणाला, तर तिथूनच परत फिरावं.

पैशापेक्षा मला दुसरीच गोष्ट खाते. ते हँडल अस्सल आहे. म्हणजे एम८१८६ चं एक खरं कार्ड कुठेतरी होतं आणि कोणीतरी त्याचं हँडल काढून घेतलं. बहुतेक ते सोन्यासाठी गेलं असेल. पण अजून गेलं नसेल, आणि इतवारी-कामठी रोडकडच्या एखाद्या कबाड्याकडे हँडल नसलेलं, सिरॅमिकच्या पट्टीवर दोन चिपा असलेलं कार्ड कोणाला दिसलं, तर कृपा करून ते वितळवायला जाऊ देऊ नका. त्याचं हँडल माझ्याकडे जपून ठेवलंय.