स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि जिमशिवाय उतरवलेलं वजन: आठ महिन्यांनंतर

पाच किलोपर्यंत तोलणारा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा, दोन बारीक सेलवर चालणारा हा साधा काटा. बाकीची माहिती खोक्यावर छापलेली असते, ती इथे उतरवून काढत नाही. जिमला न जाता, घरच्याच जेवणावर वजन उतरवायचं असेल तर काटा कामाचा आहे का, एवढ्याच प्रश्नाचं हे उत्तर आहे. कामाचा आहे. जिमच्या एका महिन्याच्या फीपेक्षा कमी पैशांत येतो आणि रोज उपयोगी पडतो. पण त्यात एक दोष आहे, आणि तो मला आठ महिन्यांनंतरही सहन होत नाही.

दोन मिनिटं हात लावला नाही की काटा आपोआप बंद होतो.

ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. कढई काट्यावर ठेवली, शून्य केलं, तेल घातलं, भाजी चिरून होईपर्यंत पडदा कोरा. पुन्हा सुरू केला की समोर जे काही ठेवलंय त्या सगळ्यालाच तो शून्य धरतो. म्हणजे आधी मोजलेलं तेल हिशेबातून गेलं. सेल वाचावेत म्हणून ही सोय केलेली असते. पण सहा-सात महिन्यांतून एकदा सेल बदलायला कोणाचीच ना नसते, आणि स्वयंपाकात दोन मिनिटांत काय होतं? कांदाही धड चिरून होत नाही. ही वेळ आपल्याला वाढवता येईल असं एकही बटण नाही. पहिले दोन महिने माझं मत ठाम होतं की पाचपैकी दोनच तारे.

मत बदललं ते भांड्यांमुळे. पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत भांडं घेतलं की दुकानदार त्यावर नाव घालून देतो. त्याच यंत्राने वजनही घालून मिळतं. रोजची कढई, दोन पातेली, कुकरचं भांडं, डब्याची वाटी, प्रत्येकाच्या बाहेरच्या बाजूला कानाजवळ रिकाम्या भांड्याचं वजन कोरून घ्या: कढई ८६४, पातेलं ४१२, असं. मार्करने लिहिलेलं चार घासण्यांत जातं. कोरलेलं राहतं. आता काटा हवा तेव्हा बंद पडो, भरलेलं भांडं ठेवायचं आणि कोरलेला आकडा वजा करायचा. झाकण आणि सांडशी मात्र वजनात धरू नका, दर वेळी वेगळंच झाकण हाताला येतं.

भाजीचा हिशेब मग असा होतो. फोडणीला २४ ग्रॅम तेल गेलं. भाजी तयार झाल्यावर कढईसकट १६६४ भरली, त्यातून ८६४ वजा केले, भाजी ८०० ग्रॅम. तुमच्या ताटात २०० ग्रॅम आली तर तेल आलं ६ ग्रॅम, म्हणजे ५४ कॅलरी. घरातल्या चौघांसाठी एकच भाजी होते, आपल्यासाठी वेगळं काही शिजवावं लागत नाही, आणि तरी आपला आकडा नेमका कळतो. गरम कढई थेट काट्यावर ठेवू नका. उष्णतेने आकडा सरकतो आणि प्लास्टिकही वाकतं. मध्ये पोळपाट पालथा ठेवा आणि पोळपाटासकट शून्य करा. त्याने दुसरी अडचणही सुटते, कारण रुंद कढई थेट ठेवली की पडदाच झाकला जातो.

आता तेल. सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठलंही घ्या, आकडा तोच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला एका माणसामागे २७ ग्रॅम तेल-तूप धरलेलं आहे. चौघांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलोच्या आत. घरात महिन्याला किती पिशव्या फुटतात ते आठवून पाहा, बहुतेक वेळा वजन का हलत नाही याचं उत्तर तिथेच मिळतं. वजन उतरवताना दिवसाला १५ ग्रॅमवर भागवता येतं आणि फोडणीही नीट होते.

पण कढईत तेल ओतून ते मोजायला गेलात तर काटा फसवतो. बारीक धारेने किंवा थेंब-थेंब ओतलं की तो वाढ धरतच नाही. कारण असं की आकडा स्थिर राहावा म्हणून काटा अगदी छोटे, हळू होणारे बदल स्वतःच पुसून टाकत असतो. बराच वेळ हळूहळू ओतलेलं तेल शून्यच दाखवू शकतं. त्यावर उपाय उलटा आहे. तेलाची बुधलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, बुधली उचलून कढईत तेल घाला आणि परत ठेवा. पडद्यावर उणे १२ आलं म्हणजे १२ ग्रॅम तेल गेलं. एका झटक्यात वजन बदलल्यामुळे काटा ते पकडतो, आणि हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं, बंद पडायचीही भीती नाही. तूप, गूळ, मध, दाण्याचं कूट, सगळं याच पद्धतीने मोजा. चमचा धुवायलाही लागत नाही.

दाण्याच्या कुटाकडे तेलाइतकंच लक्ष द्या. १०० ग्रॅमला साधारण ५७० कॅलरी. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, पालेभाजीत आपण ते मुठीने घालतो आणि मूठ कोणी मोजत नाही. प्रथिनं चांगली आहेत, सोडायचं कारण नाही, पण ३० ग्रॅम म्हणजे १७० कॅलरी हे ठाऊक हवं. उपासाच्या दिवशी घोळ होतो तो इथेच: कोरडा साबुदाणा १०० ग्रॅम म्हणजे ३५०, कूट ४० ग्रॅम म्हणजे २३०, तूप १५ ग्रॅम म्हणजे १३५. बटाटा न धरता एक ताटली सातशेच्या वर जाते आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे दोन तासांत परत भूक. त्या दिवशी साबुदाणा निम्मा करून ताक आणि काकडी वाढवलेली बरी.

पिठाचा हिशेब सोपा, पण चूक हमखास होते. कच्च्या वजनाचा आकडा शिजलेल्या वजनाला लावला की सगळं चुकतं. ६० ग्रॅम तांदळाचा भात शिजून १५० ते १८० ग्रॅम होतो. कॅलरी मात्र तेवढ्याच, २१०. ताटातला १५० ग्रॅम भात तोलून कच्च्या तांदळाचा आकडा लावला तर ५२५ येतात, आणि माणूस उगाच भात सोडून देतो. पोळीचंही तसंच. १०० ग्रॅम कोरड्या पिठाची कणीक पाण्यासकट १६०-१६५ ग्रॅम भरते. ५० ग्रॅमचा गोळा म्हणजे ३० ग्रॅम पीठ, म्हणजे १०० कॅलरी. गोळे एकदा तोलून करा, आठवड्याभरात हाताला अंदाज बसतो आणि मग काटा लागत नाही. घडीच्या पोळीत पदराला लावलेलं आणि वरून फिरवलेलं तेल मिळून सहज ५-६ ग्रॅम होतं, म्हणजे पोळी दीडशेवर गेली. फुलका किंवा भाकरी केली तर ते वाचतं. ज्वारीचं पीठ गव्हापेक्षा कॅलरीने हलकं नसतं. भाकरीचा फायदा एवढाच की तिला तेल लागत नाही.

भाज्या तोलू नका. गवार, दुधी, पडवळ, मेथी, कोबी हवी तेवढी खा. बटाटा, रताळं, सुरण एवढंच तोला. सगळंच तोलायला लागलेली माणसं तीन आठवड्यांत कंटाळून काटा माळ्यावर टाकतात.

वजन उतरणं आणि अंग घोटीव होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो आणि वजन उतरूनही अंग सैलच दिसतं. म्हणून प्रथिनं मोजायची. बैठं काम करणाऱ्या ७० किलोच्या माणसाने किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर दिवसाला ८४ ग्रॅम. आपल्या जेवणातून ते असे येतात: १५० ग्रॅम पिठाच्या पाच पोळ्या किंवा भाकऱ्यांतून १६, कोरडी तूरडाळ ५० ग्रॅममधून ११, मटकी ५० ग्रॅममधून ११, दही २०० ग्रॅममधून ६, सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅममधून १५, पनीर ७५ ग्रॅममधून १४, दोन अंड्यांतून १२. अंडी चालत नसतील तर वड्या ५० ग्रॅमपर्यंत न्या. हे सगळं मिळून १४०० कॅलरी होतात. तेल, भाज्या, एक फळ आणि दोन चहा धरून आकडा १७०० च्या आसपास जातो. ज्याचं वजन २१०० वर स्थिर राहतं त्याचं यावर आठवड्याला ३५०-४०० ग्रॅम उतरतं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर ते बहुतेक पाणी असतं, त्यावरून गणित बांधू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण डोस तोच ठेवून खाणं कमी केलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

स्नायूला काम मात्र द्यावंच लागतं. त्याला जिम लागत नाही, दंड-बैठका पुरतात. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी तीन फेऱ्या, शेवटचे दोन-तीन दंड जड गेले पाहिजेत. जड जात नसतील तर पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो आट्याची पिशवी घाला. पर्वती किंवा तळजाईची टेकडी चढणं उत्तम, पण ते पायांपुरतं. खांद्या-छातीला दंडच हवेत. माप रोजच्या वजनात शोधू नका. सकाळी चहाच्या आधी वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा, आणि बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर महिन्यातून दोनदा मोजा.

आता हे लिहायला कारण झालं ते. सातव्या महिन्यात काटा कमी दाखवायला लागला. ₹ चिन्ह असलेलं, २०११ नंतरचं पाचाचं सोनेरी नाणं ६ ग्रॅमचं असतं. (२०१९ नंतरचं ६.७४ ग्रॅमचं असतं, ते वेगळं काढा.) अशी दहा नाणी मधोमध ठेवली की ६०, उजव्या कोपऱ्यात ठेवली की ५२. आठ ग्रॅम तेल हिशेबाबाहेर राहिलं तर ७२ कॅलरी गेल्या. कंपनीकडे तक्रार केली. एक वर्षाची हमी कागदावर होती, तरी आधी मूळ खोकं मागितलं, मग दोन्ही बाजूंचं कुरिअर माझ्याच खर्चाने करायला सांगितलं. तेवढ्या खर्चात अर्धा काटा येतो. काय बिघडलं असेल, हे तिकडून एकानेही विचारलं नाही.

बिघडलं काहीच नव्हतं. वरची काच आणि खालचा सांगाडा यांच्यातल्या दोन मिलिमीटरच्या फटीत सुकलेली कणीक अडकली होती. त्यामुळे भार आतल्या सेन्सरवर पूर्ण न येता थोडा त्या खड्यावरूनच खाली जात होता, म्हणून त्याच कोपऱ्यात आकडा कमी. जुन्या टूथब्रशने फट कोरडीच घासली, उरलेलं दातकोरणीने काढलं, नाणी परत ६०. फटीत पाणी किंवा ओलं फडकं घालू नका, आतल्या तारा गंजतात. काटा उभा करूनही ठेवू नका आणि त्यावर डबे रचू नका. सततच्या भाराने सेन्सर वाकतो आणि मग खरंच निकामी होतो.

तारे आता चार. पाचवा त्या दोन मिनिटांचा, तो देणार नाही. घ्यायला जाल तेव्हा दुकानातच काटा सुरू करून ठेवा आणि घड्याळ लावून बघा किती वेळ चालू राहतो. पाच मिनिटं टिकणारा सापडला तर पन्नास-शंभर रुपये जास्त देऊन तोच घ्या. खोकं आणि बिल जपून ठेवा, आणि कणीक मळायच्या आधी काटा ओट्यावरून उचला.