उदबत्तीच्या धुरासाठी गिम्प ३.०: फुकट आणि पुरेसं

फोटोत उदबत्तीचा धूर चढवायचा असेल, तर २०२५ मध्ये आलेलं, फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर गिम्प ३.० खरंच कामाचं आहे. ब्लरसारखे (चित्र धूसर करणारे) फिल्टर आता लेयरवर, म्हणजे चित्राच्या थरावर, वेगळे राहतात, त्यामुळे आकडे नंतरही बदलता येतात. धुराच्या कामात हीच सोय सगळ्यात मोलाची.

सुरुवातीला प्रिसिजन (रंगांच्या छटा किती बारीक साठवायच्या ते) १६ बिट करा. ८ बिटमध्ये मऊ धुरात पट्टे उमटतात. नव्या लेयरमध्ये काळा रंग भरून मोड (लेयर खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत) स्क्रीन ठेवा. काळं नाहीसं होतं, उजळ तेवढं उरतं. मऊ ब्रशने उदबत्तीच्या टोकापासून वर तीन-चार फिकट रेघा ओढा आणि वॉर्प ट्रान्सफॉर्मने (चित्राचा भाग ढकलून वाकवणारं टूल) वळवा. वॉर्पचा ब्रश मोठा हवा, लहान ब्रशने धूर चुरगळल्यासारखा दिसतो. खालचा भाग जवळजवळ सरळच राहू द्या: स्थिर हवेत खरा धूर आधी सरळ चढतो, वर गेल्यावर विस्कटतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं.

२००० पिक्सेलच्या फोटोत गॉसियन ब्लर खाली २, वर १२च्या आसपास ठेवून बघा. त्यासाठी दोन लेयर करा. सॉलिड नॉइज (ढगांसारखा डागाळ नमुना) लेयर मास्कमध्ये (लेयरचा कुठला भाग किती दिसेल ते ठरवणारा पडदा) वापरलं की धूर विरळ-दाट होतो. नुसत्या नॉइजने मात्र ढगच तयार होतात.

उणी बाजू: मोठ्या फोटोत वॉर्प अडखळतो. आणि पांढऱ्या भिंतीसमोर स्क्रीन मोड काहीच दाखवत नाही. तिथे लेयरचे रंग उलटे करून मल्टिप्लाय मोड लावा, त्यात पांढरं नाहीसं होतं आणि गडद तेवढं उरतं.